वांग्याला दरवर्षी बोकड्या अन् तिळाला हिरवी फुलं: बुरशीनाशक मारून काहून फरक पडत नाही

कास्तकार भाऊहो, पोळा जवळ आला की हाच प्रश्न फिरून फिरून येते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. वांग्याची झाडं बोकडून जातात, पानं बोटाच्या पेराएवढी बारीक, देठ आखूड, एका जागेहून ढीगभर फुटवे, अन् फूल आलंच तर हिरवं, त्याला वांगं काही धरत नाही. तिकडे तिळाच्या शेंड्यावर फुलाऐवजी हिरव्या पानांचा गुच्छ, बोंडच नाही. कास्तकार कृषी केंद्रात जातो, फोटो दाखवतो, तिथून एक बुरशीनाशक, एक टॉनिक अन् एक स्ट्रेप्टोवाली (अँटिबायोटिकची) पुडी घेऊन येतो, पंप मारतो, पंधरा दिवसांनी झाड जसंच्या तसं. पुढच्या वर्षी बियाणं बदलतो, वावर बदलतो, तरी पुन्हा तेच. हे काहून होते अन् नेमकं कुठं हात घालायचा, तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी, तुमच्या वावरात आहे तो खरंच बोकड्या आहे का ते पक्कं करा. आपल्याकडे निम्म्या वेळा नावच चुकते. बोकड्याची, म्हणजे पुस्तकात ज्याला पर्णगुच्छ म्हणतात त्याची, खरी खूण फुलात पाहायची. पाकळ्या जांभळ्या-पांढऱ्या न राहता हिरव्या होतात, फुलाचे आतले भाग पानासारखे सुटतात. पान लहान होते, पिवळसर मऊ पडते, पण त्याच्यावर चट्टे नसतात, जाळं नसते, करपल्यासारखं काही नसते. झाड मरत नाही, उलट हिरवंगार उभं राहते अन् फक्त वांझ राहते. वावरात पाहिलं तर अशी झाडं सुटी सुटी दिसतात, एक इथं तर दुसरं चार ओळी सोडून, अन् पुष्कळदा धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, सुरुवात झालेली असते.

याच्याशी घोळ होतो तो मुख्यतः टू-फोर-डी तननाशकाचा. शेजाऱ्यानं गव्हात किंवा धुऱ्यावर टू-फोर-डी मारलं अन् वारा आपल्याकडे असला, किंवा त्याच पंपानं नीट न धुता आपण फवारलं, की पानं अरुंद होतात, वाकडी होतात, शिरा जवळ जवळ येतात. पऱ्हाटीचं (कपाशीचं) पान भेंडीच्या पानासारखं झालेलं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे, तो हाच प्रकार. पण तननाशकाचा मार एकाच वेळी, एका बाजूनं, अन् दोन-तीन वेगवेगळ्या पिकांवर दिसते. वांग्यावर आहे, बाजूच्या पऱ्हाटीवर आहे, बांधावरच्या तुरीवरही आहे, तर समजा तननाशक. फक्त वांग्यातच, तेही सुटं सुटं अन् हळूहळू वाढत गेलेलं, तर बोकड्या. दुसरा घोळ मिरचीच्या चुरडा-मुरड्याशी, पण तिथं पान गुंडाळते, कोळी-फुलकिडे-विषाणू ही कारणं निराळी. अन् तिसरा तुरीच्या वांझ रोगाशी. तुरीचं झाडही हिरवं राहते अन् शेंग धरत नाही म्हणून लोक म्हणतात तेच आहे, पण ते नाही. तुरीचा वांझ रोग विषाणूचा आहे अन् तो पसरवतो डोळ्याला न दिसणारा एक कोळी. त्याचा उपाय वेगळा, इथं तो मिसळू नका.

आता खरा आरोपी. हा एक जिवाणू आहे, फायटोप्लाझ्मा म्हणतात त्याला, अन् याला पेशीभित्तिका नावाची गोष्टच नाही. बाकी जिवाणूंच्या अंगाभोवती टणक भिंत असते, याच्या अंगावर नुसता पातळ पडदा. आकार इतका लहान की साध्या सूक्ष्मदर्शकातून याचा धड आकारही समजत नाही, एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही बहुतेक वेळा लहान. अन् राहतो कुठं, तर झाडाच्या अन्नवाहिनीत, म्हणजे पानात तयार झालेला गोड रस ज्या नळ्यांतून मुळाकडे अन् शेंड्याकडे जातो त्या नळ्यांच्या आत. वरच्या सालीवर नाही, पानाच्या पृष्ठभागावर नाही. पूर्ण आत.

1967 च्या आधी सगळ्या जगाला वाटायचं की हे विषाणूचे रोग आहेत. त्या वर्षी जपानमध्ये दोई अन् त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी तुतीच्या खुज्या झाडाच्या नळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या अन् त्यात हे बिनभिंतीचे जीव दिसले. त्याच वर्षी तिथं हेही कळलं की टेट्रासायक्लिन दिलं तर लक्षणं काही काळ मागे हटतात, अन् पेनिसिलिननं काहीच होत नाही. काहून, तर पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधायचं काम मोडते. ज्या घराला भिंतच नाही तिथं भिंत पाडायची कुदळ घेऊन जाऊन काय फायदा. वांग्यावरचा हा रोग आपल्या देशात त्याच्याही आधीपासून नोंदलेला आहे, 1930 च्या दशकाच्या शेवटी, फक्त तेव्हा कारण माहीत नव्हतं.

आता तुमची फवारणी काहून वाया गेली ते पाहा. मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, कॉपर हे सगळं बुरशीसाठी किंवा पानाच्या वर बसलेल्या जिवाणूसाठी. हा बुरशी नाही अन् वर बसलेलाही नाही. टॉनिक मारलं तर झाड आणखी फुटवे काढते, म्हणजे हा रोग पसरवणाऱ्या तुडतुड्याला, त्या रस पिणाऱ्या बारीक किड्याला, आणखी कोवळं खायला मिळते. बोर्डो मिश्रण संत्र्याच्या बुंध्याला लावता तसं वांग्याला लावणारेही मी पाहिले आहेत, मेहनत सगळी खरी पण जागा चुकलेली. बोकडलेला शेंडा छाटूनही फायदा नाही, कारण तो जिवाणू नळ्यांतून मुळापर्यंत गेलेला असते, नवा फुटवा पुन्हा बारीकच येते. हां, छाटणीच्या विळ्यानं किंवा हातानं हा रोग दुसऱ्या झाडाला लागत नाही, ती भीती काढून टाका.

इथं एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यंदा दोन-तीन शिकलेल्या पोरांनी विचारलं. त्यांनी मोबाईलवर वाचलं की फुलांवर, पानांवर बिनभिंतीचे जिवाणू सापडतात, मग प्रश्न आला की आपण फुलावरच फवारून ते धुऊन काढले तर? वाचलेलं खरं आहे, पण ते जीव वेगळे. याच मोठ्या कुटुंबातले काही भाऊबंद फुलांच्या पृष्ठभागावर खरंच राहतात. अमेरिकेत ट्युलिप ट्री नावाचं झाड आहे, त्याच्या फुलांवरून स्पायरोप्लाझ्मा फ्लोरिकोला नावाचा जिवाणू वेगळा काढला अन् 1981 मध्ये त्याला नाव दिलं. स्पायरोप्लाझ्मा म्हणजे स्क्रूसारखा पीळ असलेला, भिंत नाही तरी पीळ टिकवतो अन् वळवळत पोहतो. फ्लोरिडात लिंबाच्या फुलावरून आणखी एक सापडला, आज त्याला मेसोप्लाझ्मा फ्लोरम म्हणतात, 1984 ला त्याचं पहिलं वर्णन झालं. त्याचा जनुकसंच डीएनएच्या फक्त आठ लाख अक्षरांच्या आसपास, इतका छोटा की कमीत कमी किती सामानावर एखादा जीव जगू शकतो हे शोधणारे लोक आज त्याच्यावरही काम करून राहिले आहेत. मला तर हे वाचून लय नवल वाटते, आपल्या लिंबाच्या बागेतल्या फुलावरही असं कोणी असेल अन् आपण रोज त्याच्या बाजूनं जातो.

पण हे फुलावरचे जीव झाडाला बोकडवत नाहीत. फुलावर मध असते, ओल असते, किडे-माश्या येतात अन् त्यांच्या पोटातले जीव तिथं टेकवून जातात, दुसरी माशी ते घेऊन जाते. फूल म्हणजे त्यांचं स्टँड, घर किड्याच्या आतड्यात. त्यांच्यातले काही मधमाशीला त्रास देतात हे मात्र खरं, फ्रान्समध्ये वसंत ऋतूत माश्या पोळ्याबाहेर पडून तडफडायच्या, त्यातून स्पायरोप्लाझ्मा एपिस सापडला अन् 1983 मध्ये त्याला नाव मिळालं. म्हणून पेट्या ठेवणाऱ्यांना हा विषय महत्त्वाचा आहे. पण त्याच्यावर उपाय म्हणून फुललेल्या पिकावर औषध मारणं म्हणजे माशीला वाचवायला माशीच मारणं, ते कोणीही करू नका.

अन् झाडावर सापडलं म्हणजे तेच कारण, ही चूक मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्याही वाटेत आली होती. जमैकात नारळाची झाडं पिवळी पडून मरायची. 1979 च्या सुमारास त्या रोगट झाडांतून बिनभिंतीचा एक जिवाणू वाढवून काढता आला, अॅकोलेप्लाझ्मा. वाढवता आला म्हणजे सापडला चोर, असं वाटणं साहजिक होतं. पण तो नुसता तिथं राहणारा निघाला, खरा रोग करणारा फायटोप्लाझ्माच, जो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. हे लक्षात ठेवा, कारण उद्या तुम्हाला कोणी रिपोर्ट दाखवला की फुलाच्या पाण्यात अमुक जिवाणू निघाला, तर त्यावरून औषध विकत घेऊ नका. नमुना कशाचा घेतला, वरचं धुवण घेतलं की पानाची शिर, हे आधी विचारा.

आता तो आत जातो कसा. तुडतुडा. पऱ्हाटीवरचा हिरवा तुडतुडा सगळ्यांना माहीत आहे, पण वांग्याच्या बोकड्याचा मुख्य वाहक वेगळा आहे, हिशिमोनस फायसिटिस, जरासा तपकिरी, पंखावर ठिपके, पान हलवलं की तिरपा उडी मारून पळते. तिळाच्या हिरव्या फुलाचा मुख्य वाहक ओरोसियस जातीचा तुडतुडा. हे दोघंही नेमके त्याच नळीत सोंड घालतात जिथं हा जिवाणू बसलेला. रोगट झाडाचा रस पिला की जिवाणू तुडतुड्याच्या पोटात, तिथून रक्तात, तिथं वाढतो, मग लाळेत येतो. याला साधारण दोन-तीन आठवडे जातात, कधी जास्त. एकदा लाळेत आला की तो तुडतुडा मरेपर्यंत जिथं सोंड घालेल तिथं रोग सोडत जातो. अन् निरोगी झाडात गेल्यावर लक्षणं दिसायला पुन्हा काही आठवडे लागतात.

हा हिशोब नीट डोक्यात बसवा. आज ज्या झाडाचं पान बारीक दिसून राहिलं, त्याला लागण मागच्या महिन्यात झाली. पुष्कळदा रोप वाफ्यात होतं तेव्हाच झाली. म्हणजे लक्षण दिसल्यावर पंप उचलला तर गाडी निघून गेलेली असते. माझ्या मते पिढ्यान् पिढ्या हा रोग आपल्याला हरवत आला त्याचं कारण हेच, आपण झाडावर लढतो अन् लढाई होऊन गेली असते वाफ्यात अन् धुऱ्यावर.

आणखी एक सांगतो, याच्यामुळे हा जिवाणू किती चालाख आहे ते कळेल. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये शोधून काढलं की हा जिवाणू काही प्रथिनं झाडात सोडतो, त्यातलं एक प्रथिन झाडाच्या फूल घडवणाऱ्या यंत्रणेलाच मोडून टाकते, म्हणून पाकळीच्या जागी पान येते. अन् तेच झाड तुडतुड्याला अंडी घालायला जास्त आवडते, असं त्यांच्या 2014 च्या प्रयोगात दिसलं. म्हणजे रोगट झाड उभं ठेवणं हे नुसतं एक झाड वाया जाणं नाही, ते तुडतुड्याला बोलावणं आहे. म्हणून एक-दोन झाडं आहेत, असू दे, असं म्हणू नका. (जाता जाता: ख्रिसमसला नागपूरच्या नर्सरीत लाल पानांचं जे बुटकं भरगच्च पॉइन्सेटिया विकतात, त्याचे इतके फुटवे येतात ते फायटोप्लाझ्मामुळेच, हे 1997 मध्ये सिद्ध झालं. तिथं तो कामाचा, वांग्यात बरबादी.)

मग उन्हाळ्यात हा राहतो कुठं? एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे वावर भाजून निघते, पीक नाही, तरी जूनमध्ये रोप लावलं की ऑगस्टला तो हजर. मातीत तो राहत नाही, वाळलेल्या काडीत राहत नाही, त्याला जिवंत झाड पाहिजे किंवा जिवंत तुडतुडा. बियाण्यातून तो येतो असा भक्कम आधार नाही. मग उरल्या या जागा, अन् यंदा तुम्ही स्वतः फिरून पाहा. एक, मागच्या हंगामातली जुनी वांगी. विहिरीच्या कडेला, गोठ्यामागं, न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन-चार वांग्याची झाडं घरच्या भाजीपुरती ठेवतो आपण, ती वर्षानुवर्षं उभी असतात, त्यातलं एखादं बोकडलेलं असलं तरी बाई म्हणते असू दे. ते एक झाड पूर्ण शिवाराला पुरते. दुसरी, धुऱ्यावरचा धोतरा. तिसरी, गाजर गवत, त्याच्यातही हिरव्या फुलाचा अन् झुपक्याचा रोग असते अन् आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तेच आहे. चौथी, अंगणातली सदाफुली. सदाफुलीला हा रोग इतका पटकन् धरते की प्रयोगशाळेत फायटोप्लाझ्मा जिवंत ठेवायला मुद्दाम सदाफुलीच वापरतात. तुमच्या दारातल्या सदाफुलीचं गुलाबी फूल एखाद्या वर्षी हिरवट अन् बारीक यायला लागलं तर समजून जा. देवाला वाहायची म्हणून कोणी उपटत नाही, पण अशी झालेली सदाफुली उपटा अन् दुसरी लावा. पाचवी, रब्बीतला हरभरा, त्यालाही हा रोग होते, घाटे धरत नाहीत अन् झाड झुपकेदार राहते. अन् अमरवेल. ती एका झाडाचा रस दुसऱ्यात नेते, तिच्यातूनही हा जाऊ शकतो, म्हणून अमरवेल दिसली की वेलासकट झाड काढा.

एक खुलासा करतो, नाहीतर घोळ होईल. वांग्यातला अन् तिळातला जिवाणू एकच असेल असं नाही, फायटोप्लाझ्माचे गट आहेत. आपल्या देशातल्या वांग्यात बहुतेक एक गट सापडते, तीळ-हरभरा-गाजर गवतात पुष्कळदा दुसरा. म्हणून तिळाचा रोग वांग्यामुळेच आला असं छातीठोक सांगू नका, पण साफसफाई दोघांसाठी तीच.

आता करायचं काय. मी कामं वर्षाच्या क्रमानं सांगतो, कारण औषधाच्या नावापेक्षा वेळ महत्त्वाची.

अक्षय्य तृतीयेच्या आधी, वावर रिकामं असतानाच, जुनी वांगी झाडून सगळी उपटा. बोकडलेली अन् न बोकडलेली दोन्ही, कारण आत असून बाहेर न दिसणारी झाडंही असतात. नवी वांगी येईस्तोवर घरची भाजी बाजारातून आणा, काही बिघडत नाही. एकट्यानं करून अर्धाच फायदा होते, तुडतुडा धुरा ओळखत नाही, म्हणून बाजूच्या दोन-तीन कास्तकारांना सोबत घ्या, पारावर बसून एकदा विषय काढा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात जिथं शेजारी-शेजारी मिळून ही सफाई झाली तिथं फरक दिसला, जिथं एकानं केली अन् दुसऱ्याचा जुना प्लॉट उभा राहिला तिथं नाही.

रोपवाटिका ही सगळ्यात मोठी गोष्ट, इथं कंजुषी करू नका. वांग्याचा वाफा जुन्या वांग्याजवळ, मिरचीजवळ, गाजर गवताजवळ कधीच टाकू नका. वाफ्यावर बांबूच्या कमानी करून 40 मेशची नायलॉन जाळी टाका अन् कडा मातीनं दाबा, पाणी द्यायला जाळी उघडली तर लगेच बंद करा. जाळी एकदा घेतली की काही वर्षं चालते. वाफ्यातलं रोप पाच-सहा आठवडे तुडतुड्यापासून वाचलं तर लढाईचा मोठा भाग तिथंच जिंकला, कारण लहानपणी लागण झालेलं झाड एकही वांगं देत नाही, उशिरा लागण झालेलं निदान पहिले तोडे देऊन जाते. रोपं विकत आणत असाल तर ज्याच्याकडून आणता त्याचा वाफा उघडा आहे का झाकलेला, ते जाऊन पाहा, स्वस्तात मिळते म्हणून आठवडी बाजारातून डोळे मिटून उचलू नका.

लागवडीनंतर पहिले दीड-दोन महिने आठवड्यातून एकदा ओळीओळीनं फिरा. सकाळी, दव असताना, कारण तेव्हा तुडतुडा सुस्त असते. बारीक पान, आखूड देठ दिसलं की झाड मुळासकट उपटायचं, अन् उपटून धुऱ्यावर फेकायचं नाही. खताचं रिकामं पोतं सोबत ठेवा, झाड हळूच वाकवून पोत्यात घाला, तोंड बांधा, वावराबाहेर नेऊन उन्हात वाळवा. भर दुपारी झाड हासडलं तर त्याच्यावरचे तुडतुडे उडून बाजूच्या निरोगी झाडावर बसतात, म्हणजे आपणच रोग वाटतो. झाडं जास्त असली तर आदल्या दिवशी निंबोळी अर्क फवारून घ्या, मग उपटा. वाळलेल्या झाडात जिवाणू जगत नाही, त्यामुळे पुढे ते खतात घातलं तरी चालते.

फवारणीत मी आधी निंबोळी अर्कच सांगतो. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, थोडं साबणाचं पाणी टाकून शंभर लिटर करायचं, हा झाला पाच टक्के अर्क. आपल्याकडे कडूनिंबाची झाडं धुऱ्याधुऱ्यावर आहेत, जूनमध्ये निंबोळ्या पायाखाली सडतात, त्या वेचून वाळवून ठेवा. पिवळे चिकट सापळे लावा, त्यानं तुडतुडे संपत नाहीत पण ते आले कधी हे कळते, अन् वेळ कळणं हेच अर्धं काम. रासायनिक मारायचंच असेल तर लेबलवर वांगं अन् तुडतुडे लिहिलेलं औषधच घ्या, मात्रा लेबलवरची, अन् तोडणीच्या आधी किती दिवस थांबायचं तेही लेबलवर असते ते पाळा, वांगं आपण खातो. दोन-तीन औषधं एका पंपात कालवू नका. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती घरं उघडी पडली हे आपण विसरू शकत नाही. तोंडाला फडकं, हातात मोजे, फवारा वाऱ्यानं अंगावर येणार नाही असं फवारत, अन् पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल तर आत शिरून फवारूच नका.

तिळाचं जरा वेगळं. तीळ दाट असते, झाड-झाड पाहून उपटणं जमत नाही, पण निंदणाच्या वेळी बायांना सांगून ठेवा, हिरव्या गुच्छाचं झाड दिसलं की तेही निंदणातच काढायचं. फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच हे केलं तर फायदा, उशिरा केलं तर नुसती मजुरी. तमिळनाडूचं कृषी विद्यापीठ सहा ओळी तिळाला एक ओळ तुरीची सांगते, आपल्याकडे तुरीचं तास टाकायची सवय आधीपासून आहेच, तर तिळातही टाकून पाहा. अकोल्याच्या विद्यापीठाचा एकेटी-101 उन्हाळी तिळासाठी पुष्कळ जण घेतात, तो पेरताना बाजूला हरभऱ्याचा रोगट तुकडा उभा नाही ना ते पाहून घ्या. हरभरा सोंगून झाला अन् मधली हिरवी राहिलेली वांझ झाडं तशीच सोडली, की तुडतुडा तिथून सरळ कोवळ्या तिळावर येते.

आता अँटिबायोटिकचं. कृषी केंद्रात जी स्ट्रेप्टोची पुडी मिळत आली तिच्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन अन् एक भाग टेट्रासायक्लिन असते. लोक म्हणतात टेट्रासायक्लिन चालते असं तूच सांगितलं, मग मारू का? नका मारू. टेट्रासायक्लिन या जिवाणूला मारत नाही, थोपवते. पानावर फवारलेलं आतल्या नळीत पुरेसं पोहोचत नाही. फ्लोरिडात नारळाला खोडात सुई टोचून ऑक्सिटेट्रासायक्लिन देतात, तेही साधारण दर चार महिन्यांनी, झाड जिवंत आहे तोवर, थांबवलं की रोग परत. नारळाचं एक झाड कित्येक दशकं उभं राहते म्हणून कोणाला ते परवडत असेल, वांग्याच्या एका झाडाला ते कसं परवडेल. अन् हीच औषधं माणसाच्या अन् जनावराच्या दवाखान्यात लागतात. वावरात उगाच मारून मातीतल्या जिवाणूंना त्याची सवय लावली तर उद्या आपल्याच पोराला ते औषध लागू पडणार नाही. मला या एका गोष्टीचा खरंच त्रास होते, की ज्या पुडीनं रोग जाणारच नाही ती पुडी दरवर्षी हजारो वावरांत जात आली.

बियाण्याच्या तक्रारीबद्दलही विचारून राहिले. बोकड्या आला म्हणून बियाणं बोगस, असं धरून तक्रार केली तर पंचनाम्यात ती टिकणं कठीण, कारण हा रोग बियाण्याचा दोष धरला जात नाही. उगवण कमी, भेसळ, वेगळ्याच रंगाची वांगी असं असेल तर जरूर तक्रार करा, बिल अन् पिशवी जपून ठेवा. बोकड्यासाठी ती ताकद वाया घालवू नका.

बोकडलेल्या झाडावरची वांगी खाल्ली तर? लागलीच तर खा, हा जिवाणू माणसाला काही करत नाही. झाडं जनावरांना घालू नका मात्र, वांग्याचा पाला तसाही चाऱ्याचा नाही अन् वर औषध मारलेलं असते.

शेवटी, शंका असेल अन् पक्कं करायचं असेल तर नमुना असा घ्या. पूर्ण वाळलेलं झाड नको, जिवंत बोकडलेला शेंडा अन् त्याच झाडाची दोन-तीन मोठी पानं देठासकट, सोबत निरोगी झाडाचीही. रोग अन्नवाहिनीत आहे म्हणून तपासणारे पानाची मधली शिर घेतात, अन् वरच्या पृष्ठभागावरचे दुसरे जिवाणू डीएनएच्या तपासणीत कधी कधी खोटा होकार देतात, म्हणून आधी वरून स्वच्छ करतात. नमुना ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, थंड जागी, दुसऱ्या दिवसापर्यंत पोहोचेल असा. पिशवीत पाणी साचू देऊ नका, सडलेल्या पानातून काही निघत नाही. तालुक्याच्या कृषी कार्यालयाला किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला आधी फोन करून विचारा, तिथून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठवायची सोय होते का ते ते सांगतात. चिठ्ठीवर गाव, पीक, वाण, लागवडीची तारीख, लक्षण पहिल्यांदा कधी दिसलं अन् काय काय फवारलं हे सगळं लिहा. तननाशक मारलं असेल, तुम्ही किंवा शेजाऱ्यानं, तर तेही लपवू नका, त्याच्यावरूनच अर्धा निकाल लागते.